पदक मिळायच्या आधीची वर्षं ही माणसं कशी काढत होती?

खोखोमास्तर

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३९. वाळवा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत १४ वर्षं खेळाचा मास्तर आहे. मुलींचा खो-खो संघ हेच माझं खरं काम. गेल्या डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात, रात्री स्पर्धेवरून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. गाडी तिच्यात गेली. डावा पाय गुडघ्याच्या खाली एक वीतभर ठेवून बाकीचा काढावा लागला.

आता आठ महिने झाले. जखम भरली. तिसऱ्या महिन्यात कृत्रिम पाय बसवून घेतला, दीड-दोन महिने वापरला. नंतर नंतर आत खुंट हलायला लागला, चामडी सोलायला लागली. सध्या तो पाय कपाटाच्या आडोशाला उभा करून ठेवलाय आणि मी कुबड्यांवर आहे. संस्थेकडून निरोप आलाय की स्वेच्छानिवृत्ती घेतलीत तर बरं, एका पायाचा खेळशिक्षक पालकांना कसा चालेल.

माझा प्रश्न वेगळाच आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस मला कुणाचं तरी उदाहरण देतो. मुरलीकांत पेटकरांचं नाव तर दिवसाआड निघतं, कारण ते आमच्या शेजारच्या पेठ गावचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक. झालं, गोष्ट संपली. माणूस चहा पिऊन निघून जातो आणि मी परत भिंतीकडं बघत बसतो.

मागच्या आठवड्यात माझ्या सातवीतल्या मुलीनं 'माझे प्रेरणास्थान' हा निबंध पेटकरांवर लिहिला. मला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, "माझे पप्पाही एक दिवस असेच जिंकतील." मी वही मिटली आणि तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहवत नाही. तेव्हापासून ती वही दप्तरातून बाहेर काढत नाही.

मला त्यांच्या पदकाबद्दल आदरच आहे. पण १९६५ आणि १९७२ ह्यांच्या मध्ये सात वर्षं आहेत, ती कुणीच सांगत नाही. ते सकाळी उठून काय करत होते? पहिल्या वर्षी त्यांनाही वाटलं असेल ना, की संपलं? तुमच्यापैकी कुणाला अशा माणसांचं मधलं आयुष्य माहीत असेल तर सांगा. शेवट सांगू नका. तो मला पाठ आहे.

---

माजी हवालदार

मास्तर, रामराम. मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये, २४ वर्षं काढली. पेटकर आमच्याच कोअरचे, म्हणून आधी लिहितो.

तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत. आमच्याकडंसुद्धा गोष्ट सांगणारा गोळीवरून थेट पदकावर जातो. मधलं जेवढं मला पक्कं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

ते पोरसवदा वयात फौजेत गेले आणि मुष्टियोद्धा झाले. लक्षात घ्या, मुष्टियोद्धा. पोहणारे नव्हेत. युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्याशी अडकली, कमरेखालचं अंग गेलं. मुंबईला कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात उपचार झाले. तिथं त्यांना पाण्यात उतरवलं ते व्यायाम म्हणून, उपचाराचा भाग म्हणून. पदक त्यावेळी कुणाच्या स्वप्नात नव्हतं. ज्या खेळासाठी अंग घडवलं होतं तो खेळ कायमचा गेला होता, आणि त्या खेळाकडं ते परत गेले नाहीत. जाता येणारच नव्हतं.

आता १९६८ बघा. तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते गेले ते टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी जिंकले, पुढं बाहेर पडले. म्हणजे गोळ्या लागून तीन वर्षं झाली होती तरी आपला खेळ नेमका कोणता हे ठरलेलं नव्हतं. हे कुणी सांगत नाही, कारण हरलेली फेरी सांगायला कुणाला आवडत नाही. १९७२ ला हायडलबर्गलासुद्धा ते पोहण्याबरोबर भाला आणि स्लॅलममध्येही (चाकखुर्चीची अडथळ्यांची शर्यत) उतरले होते. ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत मारली तेव्हा सुवर्ण आलं. वैयक्तिक खेळात ऑलिम्पिकचं सुवर्ण देशाला मिळायला २००८ उजाडावं लागलं, ह्यावरून त्याची किंमत कळेल.

आणि शेवट सांगू नका म्हणालात, पण पदक हा शेवट नव्हताच. त्यानंतर पुण्यात नोकरी केली. १९८२ ला अर्जुन पुरस्कारासाठी मागणी केली, ती फेटाळली गेली. पद्मश्री आली २०१८ ला. अर्जुन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी. सुवर्णपदक जिंकलेल्या माणसाला ५० वर्षांहून जास्त थांबावं लागलं. पदकानं सगळं सुटतं असं समजू नका, आणि पदक नाही म्हणून काही अडतं असंही समजू नका.

पहिल्या वर्षी त्यांना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या एकाचं सांगतो, जे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या युनिटचा एक जवान पाठीच्या कण्याला मार लागून खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात होता. मी दर रविवारी जायचो. पहिले चार महिने तो भिंतीकडं तोंड करून पडून असायचा, माझ्याशी बोलायचा नाही. मी पेपर वाचून दाखवायचो आणि परत यायचो. एका रविवारी म्हणाला, "आज पलंगावरून खुर्चीत एकटा आलो. ११ मिनिटं लागली." पुढच्या रविवारी ९. त्याच्या उशाला शाळेची ४० पानी वही होती, तिच्यात तारीख आणि मिनिटं लिहिलेली. बाकी एक अक्षर नाही. ती वही भरायला वर्ष लागलं. तो कुठल्या स्पर्धेला गेला नाही. पण मला बळ लागतं तेव्हा मला ती वही आठवते.

तुमच्याकडं स्टॉपवॉच असेलच, मास्तर.

---

मिरजेची फिजिओ

सर, माझं उत्तर प्रेरणेबद्दल थोडं आणि तुमच्या पायाबद्दल जास्त असेल. गेली २२ वर्षं मी हेच काम करते.

तुमचा तो कपाटामागचा पाय वाचून मला राहवलं नाही. खुंटाची सूज पहिलं वर्षभर उतरत राहते आणि तिथले स्नायूही बारीक होत जातात. तिसऱ्या महिन्यात घेतलेल्या मापाचं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायातली खुंट बसायची खोबण, आठव्या महिन्यात ढिलं होणारच. ते सगळ्यांचं होतं. हे तुम्हाला कुणी आधी सांगितलं नसेल तर ती आमची चूक, तुमची नव्हे. सुरुवातीला मोज्यांचे थर वाढवून निभावतं. तेवढ्यानं भागेना की नवं सॉकेट. चामडी सोललेली असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत पाय घालू नका, पण भरल्यावर लगेच माप द्यायला या. 'मला जमलं नाही' म्हणून कुबड्यांवर परत गेलेले निम्मे रुग्ण खरं तर ढिल्या सॉकेटमुळे गेलेले असतात. हा माझ्यापुरता अंदाज, पण अनुभवाचा. पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात लष्कराबाहेरच्या माणसांनाही पाय करून मिळतो, तोही विचार करा.

आणखी तीन गोष्टी. झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका, बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग कुठलाच पाय नीट बसत नाही. रोज थोडा वेळ पालथे झोपा. आणि तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारते: रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखतात का? आवळल्यासारखी, मुरगळल्यासारखी? पुरुष हे सांगत नाहीत, त्यांना वाटतं लोक वेडा म्हणतील. वेड नाही ते. मेंदूच्या लेखी तो पाय अजून जागेवर असतो. दोन पायांच्या मध्ये एक लांब आरसा उभा धरा, उजव्या पायाचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसेल असा. त्यात बघत उजवा घोटा सावकाश हलवा, मनानं डावाही हलवा. रोज १५ मिनिटं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो.

आता तुमचा प्रश्न. माझ्या खोलीत कुठल्याही विजेत्याचा फोटो नाही. मी रुग्णांना रामचंद्र शर्मांबद्दल सांगते. जयपूरचे कारागीर, मास्टरजी म्हणायचे त्यांना. शाळा फार शिकलेले नव्हते. डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर त्यांनी १९६८-६९ च्या सुमारास जयपूर फूट घडवला. मूळ अडचण तुमचीच होती, सर. त्यावेळचे परदेशी पद्धतीचे पाय बसवले तरी माणसं काही दिवसांनी कुबड्यांवरच परत यायची. त्या पायानं उकिडवं बसता यायचं नाही, अनवाणी चालता यायचं नाही, चिखलात उतरता यायचं नाही, वर बूट घालावा लागायचा. शेतकऱ्यानं त्या पायाचं करायचं काय? डॉक्टर आणि कारागीर ह्या दोघांनी 'माणसाची जिद्द कमी पडली' असं म्हटलं नाही. पाय चुकलाय, असं म्हटलं, आणि रबर, लाकूड, साचे घेऊन बसले. चुकत, मोडत, परत करत. १९८१ ला सेठींना मॅगसेसे मिळालं. मास्टरजींचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

मला तुमच्या जिद्दीबद्दल काहीच शंका नाही. मला तुमचं सॉकेट बघायचंय.

---

गुळव्याची लेक

दादा, मी पन्हाळ्याकडची. माझं मत वरच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

पदकवाल्यांचं मधलं आयुष्य शोधायला लांब जायची गरज नाही असं मला वाटतं. पदक नसलेल्यांचं आयुष्य सगळं मधलंच असतं.

माझे आबा गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायचे. मी पहिलीत होते तेव्हा एका पहाटे उसाबरोबर उजवा हात आत गेला. कोपरापासून काढला. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मला आठवतंय ते पुढचं. रात्री आम्ही झोपलो असं समजून आबा कंदिलाच्या उजेडात एका हातानं आणि दातानं पायजम्याची नाडी बांधायला शिकायचे. बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. आईला बांधायला सांगायची त्यांना लाज वाटायची. मी गोधडीतून बघायची आणि नाडी सुटली की माझाच जीव वर-खाली व्हायचा.

पुढच्या हंगामात ते परत त्याच गुऱ्हाळावर गेले, जळव्या म्हणून. चुलवाणासमोर बसून डाव्या हातानं चिपाड आत सारायचं. धग, धूर आणि रात्रीची पाळी. दोन हंगाम तेच केलं. चुलवाणात बसलेल्या माणसाला वरच्या काहिलीतल्या रसाचा आवाज ऐकू येतो. रस आटत आला की उकळीचा आवाज जड होतो, आधी खळखळ असते ती नंतर फदफद होते. आबा आवाजावरून सांगायला लागले, आता मळी काढा, आता जाळ कमी करू, आता आली. गूळ कधी झाला हे ठरवणारा मुख्य कारागीर म्हणजे गुळव्या. म्हातारा गुळव्या होता, त्यानं हे हेरलं आणि आबांना जवळ उभं करायला लागला.

मालक म्हणाला, एका हाताचा गुळव्या कुठं असतो का. म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, काहील उतरवायला किती माणसं लागतात? चार. दोन हातांचा गुळव्या तरी ती एकटा उतरवतो का? गुळव्याला लागतात डोळे, कान आणि दोन बोटं. थंड पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळते का हे बघायला दोन बोटं पुरतात, आणि ती डावी असली तरी चालतात.

पाचव्या हंगामात आबा गुळव्या झाले. त्यानंतर ११ हंगाम त्यांच्या हातचा गूळ निघाला. पिवळाधमक, कणीदार. वाफ्यात ओतल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायचे.

पण त्यांचा राग कधी पूर्ण गेला नाही, हेही सांगते. ऊस तोडायला कोयता हातात घेता येत नाही म्हणून सुगीत ते चिडचिडे व्हायचे आणि आमच्यावर ओरडायचे. एकदा मला विनाकारण मारलं. रात्री माझ्या ताटात काकवी जास्त वाढली. बोलले काही नाहीत. आज ते नाहीत, आणि मला ती काकवी आठवते. तुम्ही मुलीवर ओरडलात म्हणून स्वतःला फार शिक्षा करू नका, पण तिची वही मागून घ्या. तुमची लेक वाट बघत असणार. मी बघायचे.

---

भालाफेक_४६

सर, मी २१ वर्षांचा. डाव्या हाताला जन्मतः बोटं नाहीत. सातारला भाला टाकतो.

मधली वर्षं विचारलीत म्हणून पॅरालिम्पिकमधले भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया. राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातले. आठ वर्षांचे असताना झाडावर चढले आणि विजेच्या तारेला हात लागला, डावा हात गेला. सुरुवात बांबूच्या भाल्यानं. २००४ ला अथेन्सला ६२.१५ मीटर, विश्वविक्रम, सुवर्ण. इथपर्यंत सगळे सांगतात. नंतर २००८ ला बीजिंगला त्यांच्या गटाचा भालाच ठेवला नाही. २०१२ ला लंडनलाही नाही. म्हणजे जगात सगळ्यात लांब टाकणारा माणूस १२ वर्षं पॅरालिम्पिकबाहेर, कारण तिथं त्याच्या गटाची स्पर्धाच नाही. हरला असता तर सराव वाढवता आला असता. इथं करणार काय? तरी टाकत राहिले. २०१६ ला रिओला ६३.९७, स्वतःचाच विक्रम मोडून परत सुवर्ण. टोक्योत ६४.३५, रौप्य. ४० व्या वर्षी २३ व्या वर्षापेक्षा दोन मीटर लांब.

मला २००४ आणि २०१६ पेक्षा २०१० मधली एखादी साधी सकाळ महत्त्वाची वाटते. पुढं स्पर्धा आहे का हे माहीत नसताना उठून मैदानावर जाणं. माझं सिलेक्शन ह्या वर्षी हुकलं, तेव्हापासून मी तेवढाच विचार करतो.

तुमच्याच जिल्ह्यातले सचिन खिलारी पण बघा, आटपाडी तालुक्यातले. लहानपणी सायकलवरून पडून हात कायमचा अधू झाला, पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य. मला आवडतं ते हे, की ते मधली काही वर्षं स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवत होते. तुमच्यासारखे मास्तरच.

सर, माझे पहिले कोच बसून शिकवायचे, त्यांचे गुडघे गेले होते. आम्हाला कधी कमी पडलं नाही.

---

निवृत्त लिपिक

बाकीच्यांनी मनाचं लिहिलं, मी कागदाचं लिहितो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम २०, पोटकलम ४ वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. धरलेल्या पदाचं काम जमणार नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. कायद्यातल्या 'शासकीय आस्थापना' ह्या व्याख्येत शासनाचं अनुदान घेणारी संस्थाही येते. तुमची शाळा अनुदानित आहे.

म्हणून स्वेच्छानिवृत्तीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा. मग कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. तोंडी निरोपाला तोंडी उत्तर देऊ नका. उपक्रम म्हणून रोज एक कागद पुढं सरकवा. त्यानंही माणूस सावरतो, हे मी टेबलाच्या ह्या बाजूनं पाहिलंय.

---

खोखोमास्तर

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत. मी दोन दिवस नुसता वाचत होतो. बायकोनंही वाचलं. गुऱ्हाळाचं वाचून ती उठून आत गेली.

फिजिओताई, बोटं दुखतात. रात्री दोनच्या सुमाराला अंगठा मागं ओढल्यासारखा होतो. आठ महिन्यांत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही इथं वाचूनच कळलं. काल तिनं कपाटाचा आरसा काढून दिला.

मंगळवारी मिरजेला येतोय.

---

खोखोमास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण कुणीतरी विचारलं की पुढं काय झालं.

पायाचं प्लास्टरमध्ये माप घेतलं, नवं सॉकेट १२ दिवसांनी मिळालं. ताई म्हणाल्या तसंच होतं, जुन्यात आत बोट जाईल एवढी फट पडली होती. नवा पाय पहिल्या दिवशी २० मिनिटं, मग वाढवत. दुखतं, पण हे दुखणं कळतं, व्यायामानंतरचं असतं तसं आहे. आरशाचा गुण थोडा आलाय. बोटं दुखायची थांबली नाहीत, पण रोज दुखत नाहीत.

अर्ज दिला. पोच मिळाली. उत्तर अजून नाही.

मुलीकडं वही मागितली. तिनं लगेच दिली नाही. मी तिला सांगितलं की मी चुकलो, आणि पेटकर १९६८ ला टेबल टेनिसमध्ये पहिली फेरी जिंकून पुढं बाहेर पडले होते हे तुझ्या निबंधात नाही, ते घाल. तिला ते माहीत नव्हतं. तिनं विचारलं, मग ते रडले असतील का? मी म्हणालो, मला माहीत नाही, पण मी रडतो. मग ती बराच वेळ माझ्याजवळ बसली.

आता त्या निबंधाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती माझी वेळ लिहिते. दारापासून हापशापर्यंत आणि परत. स्टॉपवॉच तिच्या गळ्यात. पहिल्या दिवशी ४ मिनिटं १० सेकंद. काल ३ मिनिटं ५. मध्ये एक दिवस ५ मिनिटं आहेत, चिखल होता आणि मी दोनदा थांबलो. तेही तिनं लिहिलंय. मी खोडू नको म्हणालो.

आणि गेल्या शनिवारी मैदानावर गेलो. मुख्याध्यापकांनी स्वतःहून परवानगी दिली, अर्जाचं काय ते होईल म्हणाले. खांबाजवळ खुर्ची टाकून बसलो. १४ वर्षं मी उभं राहून, पळत, ओरडत शिकवलं. खुर्चीत बसल्यावर माझे डोळे पाटीवर बसलेल्या मुलींच्या उंचीला आले. पहिल्यांदा दिसलं की आमच्या दोन मुली खो मिळाल्यावर उठताना आधी टाच टेकतात आणि मग चवड्यावर येतात. त्यात अर्धं पाऊल जातं. वरून ते कधी दिसलं नव्हतं. त्या दोघींना समोर बसवून दीड तास फक्त उठायला लावलं. बाकीच्या एकेरी साखळीची (बसलेल्यांमधून नागमोडी) पळती करत होत्या, त्यांच्याकडं बघायला वेळच मिळाला नाही.

उद्या साडेसहाला परत जायचंय. सकाळपासून झड लागलीय. ताई, सॉकेटमध्ये पावसाचं पाणी गेलं तर लगेच काढायचा का सराव संपेपर्यंत चालेल?

---

मिरजेची फिजिओ

लगेच काढा, सर. ओल्या मोज्यानं चामडी तासाभरात मऊ पडते आणि सोलते. कोरड्या मोज्यांचे दोन जोड आणि एक सुती टॉवेल पिशवीत ठेवा. पुसा, पाच मिनिटं वारा लागू द्या, मग कोरडा मोजा घालून परत चढवा. तेवढा वेळ खुर्चीतूनच मुलींच्या उठाबशा मोजा.